नसलेल्या मनगटावरची राखी

मी आयुष्यात एकदा हवेला राखी बांधलेली आहे. हो, हवेला. चांगल्या तीन गाठी मारून, वर अक्षता टाकून. हसून घ्या... मीही हसते. फक्त हसता हसता मधेच थांबते, आणि का थांबते, तेच सांगायला आज बसले आहे.

या पानावर लोक जे लिहितात ते मी दुपारी चहाबरोबर चवीने वाचते. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात. वाचते आणि म्हणते, बरं जमवलंय. कारण मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं — जिंतूर तालुक्यात, बोरीला. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मुद्दाम त्यावर पाय देऊन जायची आणि वर्गात सांगायची, "बघा, बाई अजून जिवंत आहे." एकदा आठवीतल्या एका पोरीने विचारलं होतं, "बाई, मन कुठं असतं?" मी हातातला खडूही खाली ठेवला नाही. "पोटाचं काम पचन, तसं मेंदूचं काम मन. लिहून घ्या." आणि पोरांनी लिहून घेतलं! एवढा मोठा प्रश्न मी दोन ओळींत मिटवला आणि विद्युतधारेच्या धड्याकडे वळले. त्या बाईचा तोरा आठवला की आज वाटतं, तिचा कान धरून तिलाच बाकावर उभं करावं.

हे घडलं तेव्हा मी नुकतीच रिटायर होऊन परभणीला राहायला आले होते. म्हणजे तोरा अजून ताजाच होता.

अण्णा माझा थोरला भाऊ. सोनपेठच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत जायचं. शेताच्या कडेलाच अण्णाचं स्लॅबचं घर, शेजारी पत्र्याचा गोठा आणि गोठ्याला लागून कडबा बारीक करायचं कुट्टी मशीन. त्या उन्हाळ्यात कडबा आत सारताना अण्णाचा उजवा हात मशीनमध्ये गेला. कोपराखाली वीतभर राहिला, पुढचं सगळं गेलं. जखम भरली, टाके निघाले, अण्णा डाव्या हाताने भाकरी मोडायला शिकला. उरलेल्या तुकड्याला तो 'खुंट' म्हणायचा. बादलीची कडी कोपरात अडकवायची, बैलाचा कासरा कोपरात दाबून धरायचा, पोतं खुंटाने रेटायचं... निम्मं शेत तो त्या कोपरावर ओढत होता. कोपराचं तेवढं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरच येऊन थांबलं.

आता आमच्या घरची रीत. राखी उजव्या मनगटात बांधायची आणि पोळ्यापर्यंत काढायची नाही. पोळ्याच्या सकाळी, जिने बांधली तिनेच येऊन ती सोडायची, आणि मग ती बैलाच्या शिंगाला बांधायची. लेकीला पोळ्याला पुन्हा माहेरी यायला मिळावं म्हणून कुठल्यातरी हुशार आजीने काढलेली ही युक्ती असणार. पण लहानपणी अण्णा फार द्वाड. मी राखी बांधली की तासाभरात काढून रेडकाच्या गळ्यात घालायचा. म्हणून मी तीन गाठी मारायला लागले, त्याही दात-ओठ खाऊन ओढून. मग अण्णा ओरडायचा, "लय आवळतीस गं, शके!" आणि त्याच हाताने माझ्या डोक्यात टपली. एक हलकी, लगेच दुसरी जोराची. मी साठीला आले, केस पिकले, हेडमास्तरीण होऊन रिटायर झाले, तरी दर राखीला त्या दोन टपल्या चुकल्या नाहीत.

त्या वर्षी एसटीत बसल्यापासून मी मनात घोकत होते — डावा हात, शके, डावा हात. घरात पाऊल टाकलं तर वहिनीने दारातच गाठलं.

"वन्सं, डाव्या हातात बरं का. गलती करू नका. आधीच लय हळवे झालेत ते."

मी म्हटलं, "वहिनी, विज्ञान शिकवलंय मी. डावं-उजवं कळतं मला."

मग पाट, ताट, निरांजन. मी ओवाळलं. अण्णाने हात पुढे केला. त्याने कुठला केला आणि मी कुठला पाहिला, देव जाणे. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. किती वाळलाय, एवढंच डोक्यात होतं. हात आपलं काम करत होते. दोरा खालून घेतला, पहिली गाठ, ओढली. दुसरी, ओढली. तिसरी, दात-ओठ खाऊन. अक्षता टाकल्या. हात काढून घेतले.

राखी ताटात पडली. टप्प.

वहिनीने तोंडाला पदर लावला. मी खाली पाहिलं. समोर खुंट होता, त्याच्यापुढे नुसती हवा, आणि ताटात गोल राखी. अण्णा त्या हवेकडे बघत होता. बघत बघत म्हणाला,

"लय आवळलीस गं, शके."

सवयीने मी मान खाली घातली. टपली आली नाही. कशी येणार?

वहिनीने ती राखी उचलून देवघरातल्या पितळी डबीत ठेवली. मी दुसरी राखी काढून डाव्या हातात बांधली. जेवताना सगळे फार गोड बोलत होते, म्हणजे बिघडलं होतं.

दोन-चार दिवसांनी वहिनीचा फोन.

"वन्सं, ह्यांना राखी काचायलीय."

"मग सैल करा ना, वहिनी. त्यात फोन काय करायचा?"

"डावी न्हाई हो... उजवी."

मी अण्णाला फोनवर घेतलं. आवाज शाळेतला काढला. "अण्णा, तिथं मनगट नाही."

"ते मला कळतंय की. मनगट न्हाई. राखी हाय."



मी जाऊन पाहिलं तर माणूस जागेवर ठरत नव्हता. अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून ओट्यावर, ओट्यावरून पुन्हा अंगणात. जेवायला बसला की अर्ध्यातून उठायचा. खुंटाच्या पुढच्या हवेत डावा हात फिरवायचा, खाजवायचा, मग रागाने झटकायचा. नसलेली बोटं सुजून टम्म झालीत म्हणे, मुठीत नखं रुततात म्हणे. वहिनी त्याच्या मागे ताट घेऊन फिरत होती, आणि मी वहिनीच्या मागे उपदेश घेऊन. शेवटी मी त्याला परभणीला आणलं.

परभणीत एक डॉक्टर जोडपं आहे. नाव सांगत नाही. तळमजल्यावर नवरा, मेंदू आणि नसांचा डॉक्टर. वरच्या मजल्यावर बायको, मनाची डॉक्टर. गोळ्या लिहून मोकळी होणारी नव्हे, मनोविश्लेषण शिकलेली. खाली मेंदू, वर मन आणि मधे जिना. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे माझं पुढचं बरंचसं शिक्षण त्या जिन्यावर बसूनच झालं.

खालच्या डॉक्टरांनी अण्णाला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा बोळा त्याच्या उजव्या गालावरून फिरवला.

"काय वाटतंय, काका?"

"गालाला कापूस लागायलाय... अन् अंगठ्याला बी."

"कुठल्या अंगठ्याला?"

"गेलेल्या."

मी टाळ्या वाजवायचीच राहिले! डॉक्टरांनी समजावलं — मेंदूत सगळ्या अंगाचा नकाशा असतो. त्यात हाताच्या शेजारी तोंडाची जागा. हाताकडून निरोप यायचे बंद झाले की शेजारी तिथे पसरतो, मोकळ्या प्लॉटवर शेजारचे आपली म्हैस आणून बांधतात तसा. याला फँटम लिम्ब म्हणतात. हात गेला तरी नकाशातला हात जागच्या जागी. मी अण्णाकडे असं बघितलं की जणू तो नकाशा मीच काढला होता.

"मग राखी?" अण्णाने विचारलं.

"बहीण बांधतेय हे तुम्हाला दिसलं. पुढचं मेंदूने भरून काढलं. त्याला हात गेल्याची बातमीच पोचलेली नाही, काका."

त्यांनी आरशाचा उपाय दिला. समोर उभा आरसा ठेवायचा, डावा हात आरशापुढे, खुंट आरशामागे. आरशात बघितलं की दोन्ही हात शाबूत दिसतात. डाव्या हाताची मूठ उघडली की आरशातली उजवीही उघडते. आणि खरंच, अण्णाची ती नसलेली मूठ त्या दिवशी उघडली! घामाघूम झाला, पण उघडली. मग डॉक्टरांनी त्याच्या डाव्या हातातली माझी राखी आरशासमोर सोडायला सांगितली. मी सोडली. अण्णाने आरशात नीट बघितलं आणि मान हलवली.

"ही डावीची हाय. आरशातली. माझी तशीच हाय अजून."

मग आम्ही वर गेलो. मी कोच शोधत होते. मासिकात वाचलं होतं की तिथे पेशंट आडवा पडतो आणि त्याला आईबद्दल विचारतात. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि करकरणारा पंखा. मॅडमनी अण्णाला पहिलं काय विचारावं?

"हात गेल्यावर त्याचं काय केलंत?"

"कोणाचं?"

"हाताचं."

"दवाखान्यातच ऱ्हायला."

"कुणी रडलं का त्याच्यासाठी?"

अण्णाने खुंटाकडे बघितलं. मग म्हणाला, "हातासाठी कोण रडतंय, मॅडम? जीव वाचला म्हणून पेढे वाटले."

"आणि ती राखी सुटावी असं वाटतं तुम्हाला?"

अण्णा उठला. खिडकीशी गेला, परत येऊन बसला, परत उठला. वर्षानुवर्षं ज्याला ओळखत होते त्या भावाच्या तोंडून मग मी हे ऐकलं.

"काचतीय तवर हात हाय."

मला तिथे कसंतरीच झालं. पण मॅडम माझ्याकडे वळल्या तशी मी पुन्हा सावरून बसले.

"आणि मावशी, तुम्ही का बांधली?"

"विसरले हो. माणूस विसरतं."

"कोण विसरलं? मघाशी तुम्हीच सांगितलंत, वाटभर डावा हात घोकत आला होतात."

"हात विसरले माझे!"

"हातांना वेगळं विसरता येतं?"

"मी पेशंट नाहीये, मॅडम," मी म्हटलं.

"म्हणून तर तुम्हाला विचारलं," त्या म्हणाल्या आणि चहा मागवला.

त्या चहाला खालचे डॉक्टर वर आले आणि नवरा-बायकोची जुंपली. मी तोवर गुडघे धरून जिन्यात येऊन बसले होते. दोघांचं मला ऐकू येत होतं.

"मेंदूला बातमी पोचलेली नाही, एवढंच आहे ते," डॉक्टर म्हणाले.

"बातमी पोचलीय," मॅडम. "पटलेली नाही."

"न पटणं हेसुद्धा शेवटी मेंदूतच होतं ना?"

"मग दाखवा तुमच्या मेंदूच्या फोटोत. कुठे आहे न पटणं?"

"आज ना उद्या दिसेल."

"दिसू दे. दिसलं तरी ते काय पटत नाही, हे विचारायला तुम्हाला वरच यावं लागेल."

पूर्वीची मी असते तर तिथून ओरडून सांगितलं असतं, पोटाचं काम पचन, मेंदूचं काम मन, लिहून घ्या. आता मात्र मी त्या जिन्याच्या पायरीवर, ना वरच्या मजल्यावर ना खालच्या, आणि समोर अण्णा येरझाऱ्या घालत होता.

गोळ्यांनी थोडं थांबलं, पुन्हा वाढलं. पोळा जवळ आला. आणि एका सकाळी वहिनीचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"वन्सं, तुमी या. ते कुट्टी मशिनीपाशी जाऊन बसलेत. सकाळधरनं तेल द्यायलेत तिला. मी फ्यूज काढून पदरात बांधलाय."

मी कशी पोचले मला आठवत नाही. अण्णा मशीनसमोर पोत्यावर बसला होता. शांत. राखीपासून प्रथमच एका जागी बसलेला दिसला.

"कोपरापसून गेलं की राखी बी जाईल," तो म्हणाला. "दवाखान्यात विचारलं, तिथं करत न्हाईत. फ्यूज देयला सांग तिला."

 माझं तोंड असं आहे की भीती वाटली की जास्तच चालतं.

"आणि राखी वर सरकली मग, अण्णा? कोपरातून दंडात? मग दंड कापणार? तिथनं गळ्यात आली म्हणजे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग फस्सकन हसला. त्या हसण्याचंच रडणं झालं. वहिनी दारात उभी, पदराची गाठ मुठीत घट्ट.

"तू बांधलीस," अण्णा म्हणाला. "तूच सोड. रीत हाय ती."

"असली नाटकं मला येत नाहीत, अण्णा."

"बांधायला आलं की तुला!"

त्याच दिवशी मी दोन्ही डॉक्टरांना फोन केला. खालचे म्हणाले, "सोडा की, मावशी. विश्वासानेही दुखणं कमी होतं, त्यालाही मेंदूत कारण आहे. नुकसान काहीच नाही." मॅडम म्हणाल्या, "सोडणार असाल तर खरी सोडा. खोटं केलंत तर त्यांना कळेल."

"डोळे बांधले तरी?"

"डोळ्यांचा संबंध कुठे आहे?"

झालं. एवढं ऐकल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. प्रयोग करायचा! अण्णाचे डोळे बांधायचे, मी नुसतीच बोटं हलवायची, "सुटली" म्हणायचं. त्याला बरं वाटेल. मग डोळे सोडून सांगायचं, बघ, मी काहीच केलं नव्हतं, सगळे मनाचे खेळ. भाऊ मशीनला तेल देतोय आणि बहीण त्याच्यावर प्रयोग मांडतेय! काय बाई होते मी...

पोळ्याची सकाळ. बैलजोडी धुतलेली, शिंगं रंगवलेली. अण्णाच्या एका बैलाचं नाव कलेक्टर, कारण तो कुणालाच उठून वाट देत नाही. वहिनी ओट्यावर पूजेचं ताट लावत होती. गोठ्यात मी आणि अण्णा. तो पोत्यावर, मी त्याच्यापुढे खाली जमिनीवर. कलेक्टरचा कासरा त्याने डाव्या मुठीला दोन वेढे देऊन धरलेला. उपरण्याने मी त्याचे डोळे बांधले, पक्के, नाकाजवळची फटसुद्धा बुजवली. बांगड्यांचा आवाज नको म्हणून त्या कोपरापर्यंत वर सारल्या. अशी मी कडक!

त्याने खुंट पुढे केला. मी त्याच्या पुढच्या हवेत बोटं वळवळवली. तोंडाने "हं... हं..." केलं.

"सुटली एक," मी म्हटलं.

"न्हाई सुटली."

"दुसरी पण सुटली बघ."

"शके, तू नुस्ती बोटं हलवायलीस. अन् ती बी हातभर लांब. मनगट हिकडं हाय."

त्याने सांगितलं ते खरं होतं. मी मुद्दाम बाजूला हलवत होते. उपरणं तपासलं, जसंच्या तसं. मग मी बोटं हळूहळू इकडे आणली. "अजून. अजून. हां... थांब, नख लागायलंय तुझं."

तिथे मला पहिल्यांदा घाबरायला झालं. मी डोळे मिटले — का, ते विचारू नका — आणि हवा चाचपली. आणि माझ्या अंगठ्याच्या नखाखाली दोरा आला.

मी काय लिहितेय ते मला कळतंय. पुन्हा लिहिते. दोरा आला. रेशमी, घामाने जरा ओलसर, गाठ कडक झालेली. जन्मभर या माणसाची राखी सोडलीय मी, त्या गाठीची धार माझी बोटं ओळखतात. तिसरी गाठ आधी निघते, कारण ती शेवटची. ती निघाली. दुसरी निघेना, नख मोडलं, मग निघाली. अण्णाचा श्वास अडकलेला. पहिली गाठ सैल केली आणि बोटांतला दोरा... नाही, पडला नाही. नव्हताच.

अण्णाने श्वास सोडला. इतका लांब, की कलेक्टरने मान वळवून बघितलं. मग तो हसला.

त्या दुपारी तो ताटावरून उठला नाही. तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि ओट्यावर पाय पसरून झोपला. वहिनी त्याच्यावर येणाऱ्या माश्या वारत बसली होती आणि डोळे पुसत होती. पदरातला फ्यूज मात्र तिने दिवाळीपर्यंत सोडला नाही. दुखणं परत आलं नाही. कोपर राहिला. अजूनही अण्णा त्याच कोपरात बादली अडकवून फिरतो. नसलेला हात पुढे आखडत आखडत खुंटाच्या टोकाशी येऊन बसला म्हणतो. डॉक्टर म्हणाले, असं बऱ्याच जणांचं होतं.

आता राहिली डबीतली राखी. पोळ्याच्या त्याच सकाळी वहिनी ती शिंगाला बांधायला घेऊन आली. मला वाटत होतं, तीही सुटलेली असेल. नव्हती. तिन्ही गाठी घट्ट, जशा बांधल्या तशा. मग मी सोडली ती कुठली?

आणि मग माझ्या ध्यानात आलं... तुम्ही घरी करून बघा. हातात दोरा घ्या, मधे काही न ठेवता गाठ मारा आणि जोरात ओढा. दोरा आवळत जातो, आवळत जातो आणि नुसती एक बारकी गाठ उरते. माझी राखी तशी नव्हती. ती गोल होती. मधे बरोबर एका गड्याच्या मनगटाएवढी जागा. ओढलेली तर मी दात-ओठ खाऊन होती. मग ती अडली कशावर?

मी ती वहिनीकडून मागून घेतली. माझ्या कपाटात आहे. थांबा, आलेच... आहे. गोलच आहे. मधूनमधून उठून बघते मी. सुनेला वाटतं, दागिने मोजते म्हातारी.

खालच्या डॉक्टरांना दाखवली. म्हणाले, "सवय, मावशी. तुमच्या हातांना त्या मनगटाचा घेर पाठ आहे. तिथे आले की आपोआप थांबतात. बोटांना दोरा लागला तोही तसाच. काकांच्या हाताचा नकाशा तुमच्याही मेंदूत असणार."

"म्हणजे अण्णाचं मनगट माझ्या डोक्यात?"

"एका अर्थी."

"मी वरच्या मजल्यावर बसून हेच म्हणत असते," मॅडम म्हणाल्या. "फक्त फोटो न काढता."

पटलं मला. घरी येऊन दोऱ्याचं रीळ घेऊन बसले. सवय ना? मग डोळे मिटून अण्णाला समोर आणायचं आणि गाठ मारायची. रीळच्या रीळ संपवलं. दर वेळी दोरा आवळून नुसती बारकी गाठ उरली. आजतागायत एकदाही गोल राहिलेला नाही. हे डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "आता तुम्ही लक्ष देऊन करताय ना, म्हणून." 

भूत-बित मी आजही मानत नाही. हा अनुभव कशात घालायचा तेही मला ठरवता येत नाही. मेंदूत घालावा तर थोडा बाहेर उरतो, मनात घालावा तरी उरतो. आठवीतली ती पोरगी कुठे भेटली तर तिला सांगायचंय की मी लिहून दिलेलं खोड. नवीन काय लिहायचं ते मात्र मला ठाऊक नाही.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. खाली नाही, वर नाही, वहिनीलाही नाही. वर लिहिलंय ना, अण्णा हसला? ते तेवढंच नव्हतं.

पहिली गाठ सैल झाली तेव्हा मी अजून खालीच बसलेली होते, मान वाकवून, डोळे मिटून. आणि माझ्या डोक्यात, भांग जिथे संपतो तिथे, टपली बसली. एक हलकी. लगेच दुसरी, जोराची. मी झटकन वर बघितलं. कलेक्टर हातभर लांब, तोंड गव्हाणीत. वहिनी ओट्यावर, पाठमोरी. अण्णाच्या डोळ्यांवर उपरणं तसंच. डाव्या मुठीला कासऱ्याचे दोन वेढे तसेच. फक्त खुंट जरासा वर उचललेला, माझ्या डोक्याच्या दिशेने... टोकापासून माझ्या डोक्यापर्यंत बरोबर एका हाताचं अंतर.

 अण्णाने मान कलती केली, लहानपणी करायचा तशी, आणि बांधलेल्या डोळ्यांनी हसत विचारलं,

"बसली का गं, शके?"